गाडीचं ऑइल आणि ग्रेस मार्क

मंडळी, बऱ्याच दिवसांनी लिहायला बसलोय. विषय वाचून काही जण (विशेषतः आमच्याच घरातले) हसतील. हसा, पण शेवटपर्यंत वाचा एवढीच विनंती.

त्याचं असं झालं. माझी पुतणी नोकरीनिमित्त इंग्लंडात लेस्टरला असते. आपलं इथलं लायसन्स तिकडे राहायला गेल्यापासून बारा महिनेच चालतं. पुढे गाडी चालवायची असेल तर तिथली परीक्षा द्यावीच लागते. पुण्यात दहा वर्षं गाडी चालवलेल्या बाईसाहेब त्यामुळे पुन्हा विद्यार्थिनी झाल्या! गेल्या महिन्यात एका रविवारी तिचा व्हिडिओ कॉल आला.

"काका, इथे परीक्षक गाडी सुरू करायच्या आधी एक तोंडी प्रश्न विचारतात. त्यातला एक प्रश्न असा, की इंजिनात ऑइल पुरेसं आहे हे कसं बघाल? मी तर आयुष्यात कधी बॉनेट उघडलेलं नाही. तुम्ही सारखे उघडून उभे असायचात. सांगा ना."

निवृत्त मास्तराला कुणी आपणहून प्रश्न विचारणं म्हणजे काय असतं ते निवृत्त मास्तरालाच कळेल. मी जो सुरू झालो तो चाळीस मिनिटं थांबलो नाही. तिकडे तिचा चहा गार झाला असावा. शेवटी स्वयंपाकघरातून आवाज आला, "अहो, तिला खंबाटकीचं पण सांगा की!"

मी विषय बदलला. पण फोन ठेवल्यावर वाटलं, हिचं बरोबर आहे. तेच तर सांगायला हवं होतं. म्हणून आज सगळ्यांनाच सांगतो.

२०१२ सालची गोष्ट. हिच्या डाव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन पुण्याला झालं होतं आणि दुसऱ्या दिवशीची तपासणी आटोपून आम्ही दोघं साताऱ्याला परत येत होतो. गाडी आमची सेकंडहँड, छोटी, पेट्रोलची. माझी शिस्त अशी, की लांबच्या प्रवासाआधी ऑइल, पाणी, हवा बघायचीच. त्या वेळीही निघताना बघितलं होतं. ऑइलची काडी काढली, पुसली, घातली, परत काढली. दोन खुणांच्या मध्ये, खालच्या खुणेच्या जरासं वर तेल. म्हटलं, पास.

शिरवळ गेलं, खंडाळा गेलं आणि खंबाटकीचा चढ लागला. (ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: तेव्हा पुण्याकडे जाताना बोगदा लागायचा, साताऱ्याकडे येताना मात्र घाट चढावा लागायचा.) दुसऱ्या की तिसऱ्या वळणावर ही म्हणाली, "अहो, तो लाल दिवा लागला होता का आत्ता?" मी बघेपर्यंत दिवा विझलेला. पुढच्या वळणावर परत लागला, परत विझला. या वेळी मीही बघितला. तेलाच्या बुधलीचं चित्र असतं ना, तोच. हिच्या एका डोळ्यावर पट्टी, आणि तिला तो एका डोळ्यानं दिसला. मला दोन डोळ्यांनी दिसून न दिसल्यासारखा.

"थांबा जरा बाजूला," ही म्हणाली.

मी काय म्हणालो असेन? "काही नाही गं, वायरिंग लूज असेल. ऑइल मी स्वतः बघितलंय." पस्तीस वर्षं वर्गात जो आवाज लावला तोच लावला. त्या आवाजापुढे वर्गात कुणी परत हात वर करत नसे. हीही गप्प बसली.

माथा जवळ आला तेव्हा दिवा विझेचना. मग टक-टक-टक असा आवाज सुरू झाला, पत्र्याच्या डब्यावर हातोडी मारावी तसा. आणि मग इंजिन बसलं. चावी फिरवली तर स्टार्टरसुद्धा फिरेना. मागून ट्रकची रांग, वरून ऊन, आणि शेजारी डोळ्यावर पट्टी बांधलेली बायको, जिला डॉक्टरांनी धूळ आणि ऊन टाळायला सांगितलं होतं. तीन तास आम्ही तिथे होतो. तिच्या डोळ्याला सुदैवानं काही झालं नाही. पण त्या तीन तासांत ती "मी सांगत होते" असं एकदाही म्हणाली नाही, हे मला जास्त लागलं.

गाडी ओढून साताऱ्याला आणली. आमच्या मेकॅनिकनं ती गॅरेजच्या सपाट फरशीवर लावून काडी काढली, तर खालच्या खुणेच्याही खाली, टोकाला नुसतं ओशट. मी त्याच्याशी वाद घालायला लागलो, की कालच बघितलं होतं, मध्ये होतं, तेल गेलं कुठं? तो भला माणूस. फडक्याला हात पुसत त्यानं एकच प्रश्न विचारला.

"सर, तुम्ही गाडी कुठं उभी असताना बघता?"

कुठं म्हणजे? घरासमोर!

आमचं घर ज्यांनी पाहिलंय त्यांच्या लक्षात आलं असेल. अजिंक्यताऱ्याच्या उताराला लागलेली गल्ली. गाडी कायम उताराकडे तोंड करून उभी. आमच्या इंजिनात ती काडी पुढच्या अंगाला. उतारावर चेंबरमधलं सगळं तेल पुढे सरकलेलं, म्हणजे काडी जिथे बुडते तिथेच गोळा झालेलं. ताटातली आमटी ताट कलतं केलं की एका कडेला जमते, तसंच.

मी बी.ए.चा माणूस, मराठी आणि इतिहास शिकवला, पण एवढं गणित मलाही येतं. दहा फुटांना एक फूट असा उतार धरा. काडी चेंबरच्या मध्यापासून दहा सेंटिमीटर पुढे असेल, तर तेल तिथे खऱ्यापेक्षा साधारण एक सेंटिमीटर वर दिसणार. आणि काडीवरच्या दोन खुणांमधलं अंतर असतं किती? बहुतेक गाड्यांत दीड-दोन सेंटिमीटर. म्हणजे अर्धी काडी खोटी! वर्षानुवर्षं मी नियमानं, शिस्तीनं, स्वच्छ फडकं घेऊन खोटं माप वाचत होतो.

आणि तेल गेलं कुठं? कुठेच सांडलं नव्हतं. जुन्या इंजिनात पिस्टनच्या रिंगा आणि व्हॉल्व्हची सीलं झिजली की तेल थोडं थोडं जळत राहतं. खाली थेंब पडत नाही आणि दरवेळी निळा धूर दिसेलच असंही नाही. इतकंच काय, काही कंपन्यांच्या पुस्तिकांत हजार किलोमीटरला अर्धा ते एक लिटरपर्यंत तेल खर्च होणं चालण्यासारखं धरलेलं असतं. छोट्या गाडीच्या इंजिनात सगळं मिळून तेल असतं तीन लिटरच्या आसपास. दोन सर्व्हिसिंगमध्ये दहा हजार किलोमीटर जातात. हिशेब तुम्हीच करा.

उताराची चूक ही एक. पण घरी येऊन शांतपणे विचार केला तेव्हा आणखी एक चूक सापडली, ती जास्त लाजिरवाणी. काडीच्या दोन बाजू असतात. बऱ्याचदा एका बाजूला तेल वर दिसतं आणि दुसऱ्या बाजूला खाली. कारण काडी आत-बाहेर करताना नळीच्या भिंतीला लागलेलं तेल तिला चिकटतं. नियम असा, की जी बाजू कमी दाखवते ती खरी धरायची. मी कुठली धरत होतो? वरची. तपासताना पेपर पस्तिसाला एक-दोन मार्कांसाठी अडला की आपण परत चाळून कुठे अर्धा, कुठे एक मार्क देतो ना, तसं मी गाडीला ग्रेस देत होतो. मुलाला ग्रेस दिला तर त्याचं वर्ष वाचतं. इंजिनाला ग्रेस देऊन काय होतं ते खंबाटकीत कळलं. अठ्ठावीस हजार रुपये. पेन्शनीतून.

आता त्या लाल दिव्याबद्दल. मला वाटतं, गाडी चालवणाऱ्या दहांपैकी आठ जणांचा समज असा असतो, की तेल कमी झालं की दिवा लागेल, पेट्रोलचा लागतो तसा. हा समज घातक आहे. बहुतेक गाड्यांतला लाल दिवा तेलाची पातळी सांगतच नाही, तो तेलाचा दाब सांगतो. खाली चेंबरमध्ये तेल असतं, तिथून पंप ते एका जाळीतून ओढतो आणि दाबानं वर बेअरिंगपर्यंत पोचवतो. क्रँक आणि बेअरिंग यांच्यामध्ये तेलाचा जो पातळ थर असतो त्याच्यावर सगळं फिरतं. तेल कमी असलं, तरी जाळी बुडालेली असेपर्यंत दाब ठीक राहतो आणि दिवा विझलेला राहतो. घाटातल्या वळणावर तेल एका बाजूला गेलं, की जाळी उघडी पडते, पंप हवा ओढतो, दाब पडतो आणि दिवा क्षणभर लागतो. वळण संपलं की विझतो. म्हणजे तो क्षणभराचा दिवा खोटा नव्हता, वायरिंगही लूज नव्हतं. तो अगदी खरं बोलत होता. तेवढ्या वेळात लोखंडावर लोखंड घासत होतं.

म्हणून लाल दिवा चालत्या गाडीत लागला, एकदा का होईना, तर पहिली सुरक्षित जागा बघून गाडी बाजूला घ्या आणि इंजिन बंद करा. पुढचं गाव आलं की बघू, असं नाही. (काही नव्या गाड्यांत पातळीसाठी वेगळा पिवळा दिवा असतो. तो लागला तर थोडी सवड असते. लाल म्हणजे सवड नाही.) आणि चावी फिरवल्यावर, इंजिन सुरू होण्याआधी, हा लाल दिवा लागतो की नाही ते रोज बघत जा. तेव्हाच लागत नसेल तर तो दिवाच गेलाय, आणि मग संकटात तो काय सांगणार!

आता पुतणीला सांगितलं ते तुम्हालाही सांगतो. फारसं अवघड नाही, पण प्रत्येक पायरीला कारण आहे आणि कारण कळलं की पायरी विसरत नाही, हा माझा शिकवण्याचा अनुभव.

गाडी सपाट जागी लावा. अंदाजानं सपाट नव्हे, खरंच सपाट. पेट्रोल पंपाची हवा भरायची जागा, सोसायटीचं पार्किंग, देवळासमोरचं पटांगण, काहीही. आमच्यासारख्या उतारावर राहणाऱ्यांनी तेवढ्यासाठी गाडी दोन गल्ल्या पुढे न्यावी. मी नेतो.

इंजिन बंद करून पाच-दहा मिनिटं थांबा. चालत्या इंजिनात बरंच तेल वर डोक्यात असतं, ते झिरपत खाली यायला वेळ लागतो. लगेच काडी काढली तर तेल आहे त्यापेक्षा कमी दिसतं आणि माणूस उगीच ओतत बसतो. सकाळी गार इंजिनात बघितलं तरी बहुतेक गाड्यांना चालतं. काही कंपन्या मात्र गरम करून मग थांबून बघा म्हणतात. तुमच्या गाडीच्या पुस्तिकेत असेल ते खरं माना. तेल तापलं की थोडं फुगतं, म्हणून दर वेळी एकाच पद्धतीनं बघा. आज गरम, उद्या गार असं केलं तर तुलना होत नाही.

काडी काढा. पहिल्यांदा काढलेल्या काडीवरचं काहीही वाचू नका. गाडी चालताना तेल उडून ती सगळीकडे माखलेली असते. धागे न सुटणाऱ्या फडक्यानं पुसा, पार आत टेकेपर्यंत घाला आणि मग काढा. अर्धवट घातली तर तेल वाढल्यासारखं दिसेल, कारण काडी जास्त खोल गेलीच नाही असं तुम्हाला वाटतं आणि... थांबा, उलटं सांगतोय! अर्धवट घातली तर टोक कमी बुडेल आणि तेल कमी दिसेल. (बघा, चाळीस मिनिटं याच्यातच जातात.)

काढल्यावर काडीचं टोक वर करून बघू नका. बरेच जण डोळ्यासमोर धरायला काडी उभी उलटी करतात, तेल लगेच मुठीकडे ओघळतं आणि भरपूर दिसतं. आडवी धरा किंवा टोक खालीच ठेवा. दोन्ही बाजू बघा. कमी दाखवते ती बाजू खरी. नुकतंच बदललेलं तेल इतकं स्वच्छ असतं की काडीवर दिसतच नाही. अशा वेळी पांढऱ्या कागदावर टेकवा, ओलं कुठपर्यंत आहे ते कळतं. शंका वाटली तर परत पुसून परत बघा. दोन वेळा सारखंच आलं तर ते माप.

खुणा गाडीगणिक वेगळ्या. कुठे दोन रेघा, कुठे दोन भोकं, कुठे मध्ये जाळीसारखे ओरखडे. वरची खूण म्हणजे पूर्ण, खालची म्हणजे याच्या खाली जाऊ देऊ नका. दोन खुणांच्या मध्ये कुठेही असलं तर इंजिन नापास नाही. पण लांब जायचं असेल तर वरच्या अर्ध्यात असावं, हे माझं मत. ते खंबाटकीनंतर झालेलं आहे.

तेल घालायची वेळ आली तर पुस्तिकेत सांगितलेल्या ग्रेडचंच, नरसाळ्यानं, पाव लिटर घाला. थांबा. परत मोजा. परत पाव लिटर. बऱ्याच गाड्यांत दोन खुणांमध्ये एक लिटरच्या आसपास तेल मावतं, छोट्या इंजिनात त्याहून कमी. एकदम लिटरभर ओतून मोकळं व्हायचं नाही. आपल्याकडे "असू दे दोन घोट जास्त" अशी एक दानशूर वृत्ती आहे, ती पाहुण्याच्या ताटाला शोभते. इंजिनात तेल वरच्या खुणेच्या फार वर गेलं तर फिरणारा क्रँक त्यात आपटतो, ताक घुसळावं तसा फेस होतो, पंपाकडे तेलाऐवजी बुडबुडे जातात. म्हणजे जास्त तेल घालून परत दाब कमीच! शिवाय सीलांवर ताण येतो तो वेगळाच. चुकून जास्त पडलंच तर जास्तीचं काढून घ्यावं, तशीच दामटू नये.

काडी आणखीही बोलते. तेल दुधाळ, कॉफीच्या रंगाचं दिसलं तर त्यात पाणी मिसळलंय. थंडीत अगदी थोड्या थोड्या अंतराच्या फेऱ्यांनी झाकणाखाली असा साय येते ती एक, पण काडीवर तसं दिसलं तर हेड गॅस्केटची शंका घ्यावी आणि गाडी न चालवता दाखवावी. नुसता काळा रंग म्हणजे मात्र खराबी नव्हे. डिझेल गाडीत नवं तेलही थोड्याच दिवसांत काळं होतं, ते काजळी उचलण्याचं आपलं काम करतंय एवढाच त्याचा अर्थ.

आणि एक गोष्ट मलाही उशिरा कळली. तेल वाढलेलं दिसलं तर खूश होऊ नये. १ एप्रिल २०२० पासून आपल्याकडे भारत स्टेज ६ आलं आणि डिझेल गाड्यांत काजळी अडवणारा फिल्टर सर्रास आला. तो साफ करायला इंजिन अधूनमधून जादा डिझेल सोडून काजळी जाळतं. गाडी रोज गावातल्या गावातच फिरत असेल तर हे काम अर्धवट राहतं आणि थोडं डिझेल पिस्टनच्या कडेनं खाली तेलात उतरतं. पातळी वाढते आणि तेल पातळ होतं. इंजिनातलं तेल आपोआप वाढत नसतं, मंडळी. न कमावता वाढलेली शिल्लक कुठून आली ते बघावंच!

आता यावर मला नेहमी ऐकवलं जातं ते असं. "काका, आम्ही वेळेवर सर्व्हिसिंग करतो. गाडीत सेन्सर आहेत. कशाला हात काळे करायचे?"

सर्व्हिसिंग वर्षातून एकदा. परीक्षाही वर्षातून एकदाच असते, पण मुलाचं काय चाललंय ते कळायला मास्तर मधूनमधून चाचणी घेतोच ना? महिन्यातून एकदा काडी बघायची आणि वहीत तारीख, किलोमीटर आणि तेल कुठे होतं ते लिहायचं. एका वाचनाला फार अर्थ नाही, चार महिन्यांच्या ओळीला आहे. आमच्या वहीत आता तेरा वर्षांच्या नोंदी आहेत. ही वही त्या वेळी असती तर तेल उतरत चाललंय हे उतारावरच्या चुकीच्या मापातही दिसलं असतं, कारण चूक दर वेळी सारखीच होती.

सेन्सरचं म्हणाल तर मी यंत्राच्या विरुद्ध नाही. काडी हीसुद्धा शेवटी एक सोयच. फोर्डची मॉडेल टी १९०८ साली आली तेव्हा तिच्यात अशी काडी नव्हती. इंजिनाच्या खालच्या अंगाला दोन छोट्या तोट्या होत्या, वाकून तोटी उघडायची आणि तेल येतं का बघायचं. तेल दोन तोट्यांच्या मध्ये असलं की ठीक. त्यापेक्षा काडी बरी. काडीपेक्षा सेन्सर बरा असेलही. पण बीएमडब्ल्यू, ऑडी, पोर्शे अशा कंपन्यांच्या काही मॉडेलांमधून काडी पार काढूनच टाकलेली आहे. पातळी पडद्यावर बघायची, तीच खरी मानायची. सेन्सर बिघडला तर मालकानं ताडून बघायला दुसरं साधन नाही. माझी हरकत एवढीच आहे. सेन्सर जरूर द्या, पण काडीची नळी बुजवू नका. दोन-तीनशे रुपयांच्या पत्र्याच्या पट्टीनं मालकाला स्वतःच्या डोळ्यांनी खरं-खोटं करता येतं, तो त्याचा हक्क आहे.

आता विजेच्या गाड्या आल्यात, त्यांना इंजिनच नाही, त्यामुळे इंजिन ऑइलही नाही. काही वर्षांनी हा सगळा लेख जात्यावरच्या दळणाच्या कृतीसारखा वाटेल. वाटू दे. पण आज रस्त्यावरच्या बहुतेक गाड्या तेलावरच फिरतायत, आणि त्या चालवणाऱ्यांना चावी देताना आपण काडी दाखवत नाही. मी लायसन्स काढलं तेव्हा गाडी पुढे घे, मागे घे, झालं. बॉनेट कुणी उघडायला लावलं नाही. इंग्लंडात हे तोंडी प्रश्न २००३ पासून विचारतात. उत्तर चुकलं तर तेवढ्यावरून नापास करत नाहीत, एक किरकोळ चूक मांडतात. पण प्रश्न आहे म्हणून तरी माझी पुतणी जन्मात पहिल्यांदा बॉनेट उघडून उभी राहिली! आपल्याकडेही लायसन्सच्या परीक्षेत एवढा एक प्रश्न असावा, गाडीशी उभं करून, हातात फडकं देऊन. तो येईल तेव्हा येईल. तोवर घरच्या घरी, मुलामुलींच्या हातात चावी देण्याआधी प्रत्येकानं एकदा ही परीक्षा घ्यावी. दहा मिनिटांचं काम आहे.

मात्र शिकवताना नुसती काडी कशी काढायची एवढंच शिकवू नका. काडी मलाही काढता येत होती. जे बघायला आवडेल ते न बघता जे आहे ते बघायचं, कमी दाखवणारी बाजू खरी धरायची, आणि शेजारचं माणूस "दिवा लागला होता का?" म्हणालं तर आवाज न चढवता गाडी बाजूला घ्यायची. हे तिसरं शिकायला मला अठ्ठावीस हजार लागले. खरं तर ते पैसे इंजिनाचे नव्हतेच.

असो. पुतणी मागच्या आठवड्यात पास झाली. उत्साहानं विचारलं, "काय गं, ऑइलचा प्रश्न आला का?"

"नाही काका, टायरमधल्या हवेचा आला."

आता पुढच्या रविवारी टायर. आणि हो, आम्ही उद्या पुण्याला निघालोय. ऑइल बघून झालंय. हिनं विचारलंच, "सपाटीवर बघितलंत ना?"

बघितलं. आणि या वेळी दोन्ही बाजू तिलाच वाचायला लावल्या.